दगडी राघूचा पंख

— हो, तेवीस दिवस झाले आज. नाही, तुमचं काय चुकलं त्यात, तुम्हाला कोण कळवणार? कल्याणला तुमच्या घरी मीच यायला पाहिजे होतं, पण आलो नाही. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय लंगडा आहे, ह्या पेटीवर बसा. जेरोमची हत्यारं आहेत आत. तो असता तर बसू दिलं नसतं तुम्हाला हिच्यावर. आता बसा. मी त्याचा धाकटा भाऊ, फेलिक्स — तुम्ही मला पाहिलंय, फणसेसाहेब. गेल्या जूनमध्ये तुम्ही टेबल घेऊन आलेलात ना, तेव्हा हातगाडीवरून उतरवायला मीच होतो. मीच बोललेलो, काय हे, मढ्याइतकं जड आहे. जेरोमने डोळे वटारले माझ्यावर. गिऱ्हाइकासमोर असं बोलतात का, बोलला. मला कुठे काय बोलायचं ते कळतच नाही, दुसरीतून शाळा सोडली मी, पण त्या दिवशी मी बोललो ते बघा कसं खरं ठरलं — जाऊ दे.

हमालांना सांगा, बाहेर सावलीत बसा. पाणी मागू नका म्हणावं, आमच्या कोपरीत एप्रिलमध्ये पाणी मागणं म्हणजे रक्त मागण्यासारखं. तुम्हाला देतो, तुम्ही पाहुणे. नको? बरं. आणि चादर राहू द्या तशीच, चादर मी काढतो, तुम्ही हात नका लावू. धूळ बसते म्हणून टाकलीय. टेबल कुठे पळून जात नाही. तेवीस दिवस मी ह्या खोलीत त्याच्यासोबत जेवतोय — त्याच्यावर नाही, शेजारी, खाली बसून. वहिनी, म्हणजे विनिफ्रेड, जेरोमची बायको, ती वसईला आईकडे गेलीय. महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, येईल, मग बघू.

काम झालंय ना, विचारताय. झालंय. अकरा तुकडे नव्हते ह्याच्यात तुम्ही आणलंत तेव्हा, अकराच्या अकरा बसवले त्याने. कुठले ते विचाराल तर मला नाही दाखवता येणार. खरंच नाही. गेले तीन रविवार मी हेच करतोय — चादर काढतो, खिडकी उघडतो, आणि बोट फिरवत बसतो, इथे असेल, तिथे असेल. डोळे मिटून पण बघितलं. काही लागत नाही बोटाला. तो बोलायचा, फेलिक्स, माझं काम कोणाला दिसलं तर ते काम वाईट. म्हणजे बघा, नऊ महिने माणूस वाकून बसला आणि त्याचं चांगलं काम म्हणजे काय, तर तो इथे नव्हताच असं वाटणं. हे असलं कसलं काम? थडगी घडवायचा तेव्हा निदान नावं तरी कोरायचा. दुसऱ्यांची नावं, पण अक्षर जेरोमचं आहे हे सगळ्या ठाण्याला कळायचं. आता त्याचं स्वतःचं नाव कोण कोरणार? लाकडी क्रूस लावलाय, त्यावर नुसता नंबर.

तुमचे हमाल मघाशी दारातून बघून बोलले ना, रंगवलेलं टेबल आहे म्हणून — चादरीखालून कडेची वेल दिसली असेल त्यांना. रंग नाही हो. मला पण आधी तसंच वाटलेलं. काळा संगमरवर घ्यायचा, त्यात पानाच्या आकाराची खोबणी करायची, आणि तंतोतंत तेवढंच पान हिरव्या दगडाचं कापून आत बसवायचं. गुलाबाची पाकळी वेगळी, देठ वेगळा. पाकळीची सावलीसुद्धा रंगाची नाही — दगडातच कुठेतरी लाल गडद होत जातो, ती जागा हुडकायची आणि नेमकी तिथून पाकळी कापायची. आमचे फादर आलेले एकदा बघायला, रोमला जाऊन आलेले आहेत ते, त्यांनी लगेच ओळखलं. बोलले, इटलीत फ्लॉरेन्स म्हणून गाव आहे, तिथलं काम. शंभर वर्षांपूर्वी पैसेवाले साहेब लोक तिकडे गावं बघत हिंडायचे, आणि परत जाताना आठवण म्हणून असा दगड न्यायचे. टेबल नाही, वरचा दगड तेवढाच. गवतात गुंडाळायचा, खोक्यात घालायचा, बोटीवर चढवायचा. पाय आपापल्या घरी करून घ्यायचे. तुमच्या आजोबांना तो रेल्वेचा इंजिनियर साहेब देऊन गेला तो असाच आणलेला असणार. जेरोमला त्याचं फार हसू आलं. बोलला, म्हणजे तो कारागीर तिकडे वाकून वाकून मेला, आणि साहेबाने ह्याच्यावर चहाचा कप ठेवला.

टेबलाचे लाकडी पाय तर तुमच्याकडे वाळवीने खाल्ले, म्हणून हा दगड इथे सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर टेकवून ठेवलाय. एकदा ठेवला तो ठेवला, हलवायला चार माणसं लागतात. आमची खोली ही एवढी. त्यामुळे सगळं ह्याच्या आजूबाजूलाच. वहिनीचं शिवणाचं मशीन त्या भिंतीला, चूल तिकडे, मधे हा. ती बोलायची, घरात सवत आणून बसवलीय.

तुमच्या वडिलांचं कसं आहे? पुढच्या आठवड्यात ना तो त्यांचा — हजार चंद्र बघितल्याचा सोहळा असतो ना तुमच्यात. लक्षात आहे माझ्या. तुम्हीच सांगितलेलं जूनमध्ये, ह्याच खोलीत. ते लहान असताना ह्या कोपऱ्यातल्या राघूवर बोट फिरवत बसायचे, नखाने टोकरायचे, आणि एक दिवस पंख निघाला आणि हरवला. आजोबांनी मारलं त्यांना. आणि आता म्हाताऱ्याने एवढंच मागितलं, की राघू एकदा आख्खा बघायचाय. तुम्ही गेल्यावर जेरोम मला बोलला, बाकीचे दहा तुकडे गिऱ्हाइकाचे, हा एक त्या म्हाताऱ्या पोराचा.

त्या पंखाला हिरवा मिळेना. लाल मिळाला, खंबायतचा एक माणूस मुंबईत अकीकाचे दगड विकतो त्याच्याकडे. पांढरा, पिवळा, सगळं मिळालं. हिरवा आणायचा, पाण्यात बुडवून बघायचा, आणि बाजूला ठेवायचा. हा मेलेला आहे, बोलायचा. दगड मेलेला. मी बोललो, अरे सगळेच दगड मेलेले असतात. तर हसायला लागला आणि हसता हसता खोकला. खोकला तेव्हापासूनच होता, त्याच्या आधीपासून होता — थडग्यांच्या धुळीचा. डॉक्टर बोलला, दगडाचं काम सोड. त्याने थडगी सोडली आणि हे घेतलं. ह्याच्यात पाणी असतं, धूळ उडत नाही, बोलला. बांबूचं धनुष्य असतं, दोरीच्या जागी तार, आणि कुरुंदाच्या कडक दगडाची पूड पाण्यात कालवून तारेला लावत जायचं. तार कापत नाही, कापते ती पूड. तार नुसती जाते-येते, जाते-येते. एक पाकळी कापायला तीन दिवस. मला तर बघूनच वेड लागायचं. मी दिवा स्टेशनच्या पुढे खाणीत आहे कामाला, तिथे सुरुंग उडवला की पाच मिनिटांत डोंगर खाली. मी त्याला बोललो, त्या राघूने तुझा दम खाल्ला सगळा. तर बोलतो, राघूच तो, मिरची नाही मिळाली तर दम खाणारच.

मी ओरडायचो त्याच्यावर. खूप ओरडायचो. आता सांगून काय उपयोग.

हिरवा मीच आणला शेवटी. डिसेंबरात. सुरुंग उडाला, एक मोठा धोंडा दोन फाकांत उघडला आणि आत पोकळी, नारळात असते तशी, आणि तिच्यात हा हिरवा. कैरीच्या सालीसारखा — एका बाजूला काळसर, आणि मग फिकट होत होत देठाजवळ पिवळा. मी बघत राहिलो. मुकादम शिव्या देतोय आणि मी बघतोय. डब्यातला भात-सुकट कुत्र्याला घातलं, दगड डब्यात घातला आणि घरी आलो. जेरोमने तो पाण्यात बुडवला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, असा, मी लहान पोर असल्यासारखा. मला वाटलं, च्यायला, एवढं काय. पण मग पंख बसवला त्या दिवशी त्याने मला उठवलं, सकाळी, मी झोपलेलो, बोलला, फेलिक्स, ये, तुझा दगड बघ. उन्हात बघितला. उडेल की काय असं वाटलं.

काढतो ना. चादर काढतो. तुम्ही उठू नका — उठलात. बरं, घ्या, काढली. हे बघा. गुलाब बघा, ही वेल बघा, ह्या कडेला निळी फुलं आहेत ना, ह्यातलं एक त्याचं आहे. इकडे बघा ना. कोपऱ्यात काय बघताय. हो, तिथे — तिथे जरा एक तुकडा हललाय. उंदरांनी. आमच्याकडे फार उंदीर आहेत, राळ-मेण असतं ना खाली चिकटवलेलं, ते खातात ते. नाही, तुकडा सापडत नाही. शोधला मी. हे? हे मेणाचे डाग आहेत. चार कोपऱ्यांत, हो, चारी कोपऱ्यांत आहेत. घासले मी, बऱ्यापैकी निघालेत.

असं बघू नका माझ्याकडे. उंदीर नाही.

बसा परत. सांगतो. तो बुधवारी गेला, गुड फ्रायडेच्या आधीचा बुधवार, सकाळी, उजाडता उजाडता. आणि गुरुवारपासून आमच्यात मरणाची मिस्सा होत नाही, सण संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या उकाड्यात मढं कसं ठेवणार. म्हणून फादर बोलले, आजच करा. आजच करा, तर शवपेटी पाहिजे. नाथा सुतार बोलला, लाकूड ओलं आहे, तरी दुपारी तीनपर्यंत देतो. मग तोवर त्याला ठेवायचं कुठे? खाट मोडकी, झोळ पडलेली, तिच्यावर माणूस सरळ राहत नाही. खाली जमिनीवर ठेवायचा का आमचा जेरोम? तर मी बोललो, ह्याच्यावर ठेवा. थेरेसा मावशी, आमची शेजारीण, ती बोलली, अरे लोकांचं टेबल आहे. मी बोललो, नऊ महिने हा ह्याच्याजवळ वाकून बसला, आता एक दिवस आडवा होऊ दे. आणि ठेवला. खाली चादर घातली — हीच चादर. टेबल साडेचार फूट आणि जेरोम पाच फुटांच्या वर, पाय बाहेर आले, म्हणून वहिनीचं शिवणाचं मशीन सरकवलं पायाखाली. लग्नातला काळा कोट घातला त्याला. ढगळ झालेला, केवढा आटलेला तो. पण सांगतो साहेब, चांगला दिसला. बाजूने सगळी फुलं. आमच्याकडे खरी फुलं आणायला कोणी गेलंच नव्हतं, घाईत राहिलं. लोक आले आणि बोलले, काय सजवलाय.

मग मेणबत्त्या. चर्चमधले चार मोठे पितळी शमादान असतात, ते मागायला गेलो तर ईस्टरसाठी घासायला काढलेले. मावशी बोलली, थांब, घासून झाले की आणू. मी कुठला थांबतोय? चार मेणबत्त्या घेतल्या, बुडाला काडीने गरम केल्या आणि चार कोपऱ्यांत दगडावरच चिकटवल्या. मेणबत्ती दगडावर ठेवली तर दगडाला काय होणार? गवंड्याला विचारा, सुताराला विचारा, कोणीही हेच बोलेल, दगडाला काय होणार. ज्याला माहीत होतं तो वर झोपलेला. एका सुरीच्या टोकावर राळ-मेण गरम करून त्याने माझ्यासमोर पंख बसवलेला, माझ्यासमोर बोललेला, ऊब लागली की हे सुटतं, म्हणूनच चांगलं, पुढच्याला दुरुस्त करता येतं. ऐकलेलं मी. कानांनी ऐकलेलं. त्या दिवशी आठवलं नाही.

सहा-सात तास जळल्या. बुडापर्यंत जळल्या आणि मेण पसरलं आणि खालची राळ मऊ झाली, आणि ह्या कोपऱ्यात राघू. हा बघा, ह्याच बाजूला जेरोमचा उजवा हात होता. तीन वाजता नाथा पेटी घेऊन आला, आम्ही चौघांनी उचललं. उजवा खांदा माझ्याकडे होता. त्याची बाही दगडावरून घासत आली, आणि मी बघितलं — बाहीला मेण लागलंय, आणि मेणात पंख. हिरवा, काळ्या कोटावर. असा, मनगटाच्या जरा वर.

हो. बघितलं. पेटी उघडी होती तेव्हाच बघितलं. काढता आला असता. नखाने उचलला असता तर निघाला असता, मेण गरमच होतं. नाथा बोलला, काय रे, काय आहे? मी बोललो, काही नाही, हात नीट करतोय. आणि हात नीट केला. डावा हात उजव्यावर आणला, वर जपमाळ गुंडाळली, पंख झाकला, आणि नाथाला बोललो, ठोक.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. वहिनीलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय — तुम्ही बोलत नाही म्हणून असेल.

का केलं विचाराल तर मला सांगता येत नाही. ठरवून नाही केलं. मी काहीच ठरवून करत नाही. ह्या आख्ख्या दगडात त्याचा म्हणून मला तेवढा एकच ओळखता येत होता. त्याने केलेला, मी आणलेला. बाकी दहा कुठे आहेत ते देवाला ठाऊक. मला वाटलं, तो तरी त्याच्याबरोबर जाऊ दे. त्या वेळी तुमचे वडील आठवले नाहीत मला. चौथ्या दिवशी, ईस्टरच्या मिस्सेत, फादर काहीतरी सांगत होते आणि मला एकदम म्हातारा आठवला. भोकावर बोट फिरवणारा.

नाही, तसं नको. तसाच नेतो बोलू नका. माझ्यावर दया म्हणून बोलताय, कळतं मला. तुम्ही हा असा घरी न्याल, सोहळ्याला शंभर लोक येतील, वाकून बघतील, आणि विचारतील, हे काम कोणी केलं — तुम्ही सांगाल, ठाण्याचा जेरोम. आणि ते बोलतील, पंख विसरला वाटतं. त्याने नाही विसरला. त्याच्या हातून काही राहिलेलं नाही. राहिलंय ते माझ्या हातून. पण उकरायचं बोलू नका, ते होणार नाही.

तो? खिडकीतला? तो काही नाही, दार लागू नये म्हणून लावतो दाराला. वाऱ्याने आपटतं. हिरवा आहे, हो. असतात खाणीत असे.

ठेवा तो खाली.

ठेवा ना.

बरं, बघताय तर नीट बघा. उजेडात धरा. त्यावर रेघ आहे ना टोकरलेली, ती पंखाची. दुसऱ्या पंखाची. पहिला बसवून झाला आणि ह्याने दुसरा कापायला घेतला. मी बोललो, आता कशाला मरतोस, झालं ना काम? तर बोलला, म्हाताऱ्याने लहानपणी टोकरला, आता त्याची नातवंडं-पतवंडं टोकरतील, पोरं ती. एक जास्तीचा घरात असू दे त्यांच्या. हे तुमच्यासाठीच चाललेलं. मला माहीत होतं. तेवीस दिवस माहीत होतं. ही फट बघा, इथून सुरू केली, पाठीवरून अशी वळवली, आणि इथे थांबलाय. मंगळवारी संध्याकाळी इथे थांबला. बोलला, उरलेलं उद्या. तार तशीच फटीत होती. मी काढली ती. मी बसलेलो धनुष्य घेऊन, परवा. चार वेळा ओढलं आणि तार तुटली. मला जमत नाही. मी जोर लावतो, जोर लावायचा नसतो.

घ्या. घ्या म्हणतोय ना, परत माझं मन फिरेल. मुंबईत कोणी असेल, खंबायतवाल्याला विचारा, तो सांगेल. अर्धंच राहिलंय, आठवडाभरात होतं की नाही मला माहीत नाही, नाही झालं तर म्हाताऱ्याच्या हातात तसाच द्या, दगडच द्या, बोट फिरवू दे. पण एक त्या माणसाला सांगा, जो कोणी असेल त्याला. हीच फट पुढे न्यायची. इथून, जिथे थांबलीय तिथूनच. नवी फट करायची नाही. एवढं सांगाल? नीट सांगा. आणि खिशात नका घालू, खिसा फाटेल, हातात धरा.

ए हमालांनो, या रे आत, तिघं या. मी धरतो हे टोक, साहेब तुम्ही मधून व्हा बाजूला. कोपऱ्याला धरू नका, पोटाखाली हात घाला. हळू. उजवीकडे बघून, चौकट आहे. चादर राहू दे इथेच, ती आमची आहे.

हं. आता मोठी झाली खोली.

नाही, काही बोलू नका. साडेअकराला नळ जातो, माझे दोन हंडे राहिलेत अजून. निघा तुम्ही. दार आपटेल ते आपटू दे.